मनुष्यबळ अनुपलब्ध

सारिका गायसमुद्रेला दुसऱ्या गरोदरपणातही रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा ती हिवरमाळ मध्यवर्ती कारागृहाच्या महिला विभागात तीन नंबर बरॅकच्या दाराशी उभी होती आणि तिच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं. सकाळी सहाची पाळी दुपारी दोनला संपायची. पण दोनला येणारी शिपाई आदल्या दिवशीच्या दुहेरी पाळीनंतर जिन्यात चक्कर येऊन पडली होती. सारिकानं वायरलेसवर कळवलं. "थोडं थांबा, बघतो," असं उत्तर आलं. बघेपर्यंत साडेपाच वाजले. दार सोडून गेलं तर निलंबन, हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आतून एका कैदिणीनं आपली जुनी साडी फाडून गजांतून तिच्या हातात दिली.

महिला विभागात एकतीस पदं मंजूर होती, भरलेली नऊ. दरवर्षी भरतीची जाहिरात निघायची, परीक्षा व्हायची, कोणीतरी कोर्टात जायचं, स्थगिती यायची. कैद्यांच्या येण्याला मात्र कधी स्थगिती आली नाही. एकशे वीस जणींच्या जागेत तीनशे चार बायका राहत होत्या. त्यांना दिवसातून एकच तास बाहेर सोडता यायचं, कारण दार उघडायचं तर दाराशी माणूस लागतो.

डॉक्टरांनी सारिकाला सांगितलं की आता पुन्हा मूल राहणार नाही. नवरा वर्षभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझं लग्न त्या दाराशी झालंय. मी मधे कशाला?" आणि नागपूरला बदली घेऊन गेला. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. घटस्फोटाच्या तारखेलाही तिला रजा मिळाली नाही. तिनं व्हिडिओवर हजेरी लावली.

म्हणून २०४१ साली विश्रांती योजना आली तेव्हा हिवरमाळमध्ये सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल, तर तो सारिकाला.

प्रशिक्षणाला डॉ. मृण्मयी खासनीस आल्या होत्या. बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावर राखाडी रंगाची एक टोपी ठेवली. आतून मऊ, कडेनं बटणाएवढ्या चकत्या.

"मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटासा पुंजका आहे," त्या म्हणाल्या. "शरीराचं तापमान तो ठरवतो. काही प्राणी हिवाळाभर झोपतात, ते या पुंजक्याच्या जोरावर. माणसात तो आहे, पण माणूस तो वापरत नाही. या चकत्यांमधून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात आणि नेमक्या त्या पुंजक्यावर जाऊन पडतात. तासाभरात शरीर गार व्हायला लागतं. तापमान एकतीसवर येतं, हृदयाचे ठोके मिनिटाला वीस-बावीस, प्राणवायू एक तृतीयांशच लागतो. नळीतून थोडं अन्नपाणी द्यायचं. कूस बदलायला खाटच हलते. चाळीस जणींवर एक माणूस लक्ष ठेवू शकतो."

"टोपी घालायची म्हणजे शेवटी," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाईही हसल्या.

"एकच गोष्ट नीट ऐका. एकवीस दिवस झोप, सात दिवस जाग. हे मोडायचं नाही. या झोपेत मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडणारे धागे आखडून घेतात, खर्च वाचवायला. जाग आली की ते पुन्हा फुटतात आणि बहुतेक जुन्या जागी जाऊन जोडले जातात. पण फार दिवस तसेच राहिले, तर त्यांना जुनी जागा सापडत नाही. आम्ही चाळीस दिवसांची मर्यादा धरलीय. त्यापुढे आठवणी जायला लागतात. आधी अलीकडच्या, मग मागच्या."

"परत येतात का?" सारिकानं विचारलं.

"उंदरांच्या तरी आल्या नाहीत."

टोपी ऐच्छिक होती. जी नको म्हणेल तिनं बरॅकमध्ये तेवीस तास बंद राहायचं, पूर्वीसारखंच. महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. झोपेत गेलेले दिवसही तुरुंगवासात धरले जाणार होते. लांबच लांब दिवस डोळे उघडे ठेवून काढण्यापेक्षा ते बायकांना बरं वाटलं.

आणि खरंच सगळं बदललं. एका वेळी पंच्याहत्तरच बायका जाग्या. बरॅकची दारं दिवसभर उघडी. मारामाऱ्या थांबल्या. सारिका अकरा वर्षांत पहिल्यांदा वेळेवर घरी गेली आणि दारात बसून तिनं सूर्य मावळताना पाहिला. आठवड्याची सुट्टी मिळायला लागली.

वर्षाअखेरीला परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांचं प्रमाण यापुढे फक्त जाग्या बंद्यांच्या संख्येवर ठरणार होतं. झोपलेला बंदी पळत नाही, भांडत नाही, मुलाखत मागत नाही, म्हणून तो मोजायचा नाही. त्या हिशेबानं हिवरमाळच्या महिला विभागात बारा पदं पुरेशी होती. एकोणीस पदं रद्द झाली. विधानसभेत उत्तर दिलं गेलं की रिक्त जागांचं प्रमाण एकाहत्तर टक्क्यांवरून पंचवीसवर आलं. नेमणूक मात्र एकाचीही झाली नव्हती.

पाठोपाठ दोघी निवृत्त झाल्या आणि उरल्या सात. प्रमाण पुन्हा बिघडलं. ते जुळवायचं तर आणखी बायकांना झोपवायला हवं होतं, आणि आता फक्त लेकुरवाळ्या राहिल्या होत्या. सहा वर्षांखालच्या मुलांच्या आयांना तोवर सूट होती. ती काढली गेली.

अशा चौघी होत्या. त्यांतली एक अंकिता वाव्हळ. खासगी दवाखान्यात आया होती. सलाइनमधून चुकीचं औषध गेलं आणि एक पेशंट दगावला. बाटली डॉक्टरनं लावली होती, पण ती बदलताना कॅमेऱ्यात अंकिता दिसत होती. डॉक्टरला चौथ्या दिवशी जामीन मिळाला. अंकिताला जामीन राहायला कोणी नव्हतं. नवरा आधीच दुसरीकडे राहत होता, तिची आई मुलीच्या जन्माआधीच वारली होती. अंकिता चौदा महिन्यांची मैना कडेवर घेऊन आत आली. खटला उभाच राहिला नव्हता आणि मैना आता साडेतीन वर्षांची झाली होती.

सारिका संमतीचा कागद घेऊन गेली तेव्हा अंकिता मुलीच्या केसांना तेल लावत होती.

"मैनेला कोण बघंल?"

"मी आहे ना."

"तुमी सात जणी. त्यातल्या निम्म्या आजारी."

"आता काम कमी झालंय गं. मी बघेन. तुला माहितीय, मला ती आवडते."

अंकितानं कागद वाचला. सही करताना तिनं मान वर केली. "उठल्यावर वळखंल ना ती मला?"

"तीन आठवड्यांत कोण विसरतं आईला?" सारिका म्हणाली.

मैना काटक आणि हट्टी होती. आईला टोपी घातली त्या दिवशी ती झोपगृहाच्या काचेला नाक लावून संध्याकाळपर्यंत उभी राहिली. आत निळसर उजेड, चाळीस खाटा, मधूनच एखादी खाट हळूच कूस वळवायची. सारिकानं तिला उचलून बालवाडीच्या खोलीत नेलं. त्या दिवसापासून तिचं खाणं, तिचा ताप, तिच्या उवा, तिची गाणी सगळं सारिकाकडे आलं. सुट्टीच्या दिवशीही सारिका कारागृहात यायला लागली. बाजारातून लाल चपला आणल्या. रंगपेटी आणली.

अंकिताला मधले दिवस नव्हतेच. तिच्यासाठी डोळा मिटला आणि उघडला एवढंच. पण दर वेळी डोळा उघडला की समोरची मुलगी थोडी वेगळी असायची. कधी नवा शब्द, कधी गुडघ्याला जुनी झालेली खपली. अंकिता पहिले दोन दिवस धड चालूही शकायची नाही. पुढचे पाच दिवस ती मुलीच्या मागं मागं करायची, आणि मैना तिला आपल्यात घ्यायला लागेतो टोपीची वेळ यायची.

एकदा सात दिवसांतल्या चौथ्या दिवशी मैनेनं ठेच लागल्यावर हाक मारली, "सारूआई!" अंकिता हातभर अंतरावर होती. ती उठली आणि पुन्हा खाली बसली.

"चुकून म्हणते गं ती," सारिका म्हणाली.

"असू द्या मॅडम. तुमी हायसा म्हणून निवांत झोपते मी." अंकिता हसायचा प्रयत्न करत होती. "उपकार हायत तुमचे."

सारिकाला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. तिला आनंद झाला. घरी जाताना रस्ताभर ती तो शब्द मनात घोळवत होती.

अशी दोन वर्षं गेली. मैना साडेपाच वर्षांची झाली.

मे महिन्यात पहिल्यांदा अंकिताची जाग पुढं ढकलली गेली, ती अगदी खऱ्या कारणानं. सातातल्या तिघी एकदम रजेवर गेल्या. कोणाला कधी उठवायचं याची यादी संगणक काढायचा, पण शेवटची मान्यता हवालदार म्हणून सारिका द्यायची. पुढं ढकलायचं असेल तर कारण निवडायचं. पाच-सहा कारणं तयार होती. तिसरं होतं, 'मनुष्यबळ अनुपलब्ध'. सारिकानं अकरा नावांपुढं ते निवडलं. त्यांत अंकिताचं नाव होतं.

तिघी परत आल्यावर बाकीच्या दहा जणी उठल्या. अंकिताची नवी तारीख चौदा जून होती आणि मैनेच्या शाळेचा पहिला दिवस पंधरा जून. कारागृहातल्या मुलांना जवळच्या शाळेत पाठवायची परवानगी होती. सारिकानं तिच्यासाठी गणवेश शिवून घेतला होता. आई जागी असेल तर मैना पहिल्या दिवशी रडणार, आईला सोडून जाणार नाही, असं सारिकानं स्वतःला सांगितलं. खरं ती सांगत होती त्याहून साधं होतं. मुलीचं बोट धरून शाळेच्या फाटकातून आत जायचं होतं तिला. एकदाच.

तिनं तिसरं कारण निवडलं. ते खोटंही नव्हतं. मनुष्यबळ कधी उपलब्ध होतं?

शाळेत बाईंनी विचारलं, "आई का तुम्ही?" मैनेनं सारिकाकडं पाहिलं. सारिकानं पालकाच्या रकान्यात सही केली.

चाळिसाव्या दिवशी पडद्यावर लाल चौकट आली. 'वैद्यकीय अधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक.' वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद तीन वर्षं रिकामं होतं. कार्यभार औषधनिर्माते कुऱ्हाडे यांच्याकडं, तोही तीन कारागृहांचा. ते दिवसाला दीडशे मंजुऱ्या मोबाइलवर देत. अंकिताचीही दिली. सारिका चौकट हिरवी होताना बघत राहिली. तिच्या मनात कुठंतरी आशा होती की कोणीतरी 'नाही' म्हणेल.

त्यानंतर थांबायला काही कारणच उरलं नाही. उद्या उठवू, पुढच्या सोमवारी उठवू. आता उठवलं तर इतके दिवस का, असं विचारतील. जितके दिवस वाढत गेले तितकं उठवणं अवघड झालं. मैनेनं दोनदा विचारलं, "आईची पाळी कधी?" सारिकानं सांगितलं, "लांबलीय जरा." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

सत्तराव्या दिवशी कोर्टाचा आदेश आला. लिपिकाचं पद रद्द झाल्यामुळं महिला विभागाची टपाल-पेटी सारिकाच बघायची. आदेश दोन ओळींचा होता. अंकिता वाव्हळ हिच्याविरुद्ध खटला चालवण्याइतका पुरावा नाही, तिला दोषमुक्त करून तात्काळ सोडण्यात यावं.

सारिकानं तो तीनदा वाचला. खिडकीतून मैना दिसत होती. शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन ती आवारातल्या कडुनिंबाभोवती फिरत होती. आदेश पाळला तर तीन-चार दिवसांत ही मुलगी फाटकाबाहेर जाणार होती. कुठल्या गावाला, कोणाच्या दारात, सारिकाला कधी कळणारही नव्हतं.

तिनं आदेश वाचलेल्या टपालात टाकला.

एकशे अठराव्या दिवशी विधी सेवेच्या वकील तस्नीम मोमीन स्वतः कारागृहात आल्या. अधीक्षक डहाके यांनी सारिकाला बोलावलं.

"गायसमुद्रे, ही वाव्हळ अजून आत कशी? दीड महिना झाला आदेशाला."

"झोपेत आहे, सर."

"मग उठवा की!"

"उठवते, सर."

जाग यायला सोळा तास लागतात. टोपीतल्या लहरी टप्प्याटप्प्यानं कमी होतात, शरीर थरथरून स्वतःला ऊब देतं. सकाळी दहाच्या सुमारास अंकितानं डोळे उघडले. सारिका शेजारी बसली होती. तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं.

"अंकिता. सुटलीस तू. कोर्टानं सोडलं तुला."

अंकितानं ओठ ओले केले. बराच वेळ तिनं छताकडं, मग सारिकाच्या खाकी कपड्यांकडं पाहिलं.

"मॅडम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझं लेकरू कुठंय?"

सारिकाच्या जिवात जीव आला. आठवतंय हिला. "शाळेत गेलीय. येईल बारा वाजता."

"शाळेत?" अंकिताच्या कपाळाला आठ्या पडल्या. "न्हाई मॅडम. माझं लेकरू. मघाशी गेटवर झडतीला घेतलं ना त्या बाईनी माझ्याकडून. अंगावर पितं अजून. रडत आसंल." तिनं हात छातीशी नेला आणि तिथं चाचपून पाहिलं. "हे काय झालं? दूध कुठं गेलं माझं?"

सारिका खुर्चीवरून उठली आणि खाटेची कड धरून उभी राहिली.

बारा वाजता मैना आली. कोणीतरी तिला आधीच सांगितलं होतं, "आई उठली तुझी." ती लाल चपला दाराशीच टाकून धावत आली. सारिकाला वाटलं होतं ती बुजेल, आपल्याच मागं लपेल. तसं झालं नाही. मैना थेट खाटेवर चढली आणि आईच्या गळ्यात पडली. "आई, किती झोपलीस! मला अ ते ज्ञ येतं. म्हणू?"

अंकितानं तिला ढकललं नाही. पाठीवर हात फिरवला, जसा परक्याच्या पोराच्या पाठीवर फिरवतात तसा. मग सारिकाकडं बघून विचारलं, "कुणाची हो ही? गोड हाय. आयेला शोधतेय बहुतेक."

मैनेचे हात सुटले. ती खाटेवरून खाली उतरली आणि म्हणाली, "मी मैना."

"माझ्या पोरीचं बी त्येच नाव," अंकिता म्हणाली. "पर ती लहान हाय गं बाय. तिला अजून चालता बी येत न्हाई नीट."

डॉ. खासनीस व्हिडिओवर आल्या. त्यांनी अंकिताला तासभर प्रश्न विचारले, मग डहाके आणि सारिकाशी बोलल्या. "कारागृहात आल्यापासूनचं सगळं गेलंय. शेवटच्या दोन वर्षांतला बराच वेळ ती झोपेतच होती. जाग्या दिवसांचे धागे आधीच विरळ, ते पहिले तुटले, मग त्याआधीच्या कैदेतले. त्यामागचे शाबूत राहिले." त्यांनी समोरची नोंद पाहिली. "एकशे अठरा दिवस. कोणी केलं हे?"

"संपर्क तुटतोय, मॅडम," असं म्हणून डहाक्यांनी व्हिडिओ बंद केला.

अंकिताला कागद दाखवले, जन्माचा दाखला दाखवला, मग रक्ताची तपासणीही करून दाखवली. तिनं सगळं वाचलं. ती शांतपणे म्हणाली, "कागद तुमचाच, शिक्का तुमचाच. तुमी काय बी लिहाल. माझं चौदा महिन्यांचं लेकरू आत घेतलंया तुमी. ते द्या, मी जाते." ती फाटकातून बाहेर पडायला तयार नव्हती. शेवटी दोघींनी दंडाला धरून तिला बाहेर नेलं. ती मागं वळून ओरडत होती. आतल्या बालवाडीच्या खिडकीत मैना उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सारिका अधीक्षकांच्या खोलीत गेली. तिनं सगळं चार पानांवर लिहून आणलं होतं. शाळेचा पहिला दिवस, दाबून ठेवलेला आदेश, सगळं. डहाक्यांनी पानं वाचली. त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मधुमेहानं सुजलेले पाय ते टेबलाखाली स्टुलावर ठेवून बसत.

"कशाला लिहिलंत हे?"

"मी गुन्हा केलाय, सर. माझ्यावर कारवाई करा."

"कारवाई." त्यांनी चष्मा काढला. "चौकशी अधिकारी कोण? दक्षता विभागात उपअधीक्षकाचं पद दोन वर्षं भरलेलं नाही. तुम्हाला निलंबित केलं तर उद्या सकाळी सहाला बरॅक कोण उघडणार? मी?"

"सर, एका बाईची चार वर्षं—"

"आणि संगणकात काय लिहिलंय तुम्ही? मनुष्यबळ अनुपलब्ध. बरोबर? मग? होतं का उपलब्ध?"

सारिकानं टेबलावरची पानं त्यांच्याकडं आणखी सरकवली.

"कागदावर तुम्ही एकही खोटा शब्द लिहिलेला नाही, बाई. मंजुरी कुऱ्हाड्यांनी दिलीय, त्या पदाचा कार्यभार त्यांच्याकडं शासनानं दिलाय. सुरुवात कुठून करायची मी?" त्यांनी चारही पानांची घडी घातली आणि तिच्यापुढं सरकवली. "आदेश टपालात राहिला, लिपिक नाही, असं कोर्टाला कळवतो. घरी जा. उद्या वेळेवर या."

"मला शिक्षा हवीय, सर."

"हो ना," डहाके म्हणाले. "मलाही वेळेवर घरी जायला हवं होतं तीस वर्षं. काय करता?"

मैनेचा प्रश्न बालकल्याण समितीपुढं गेला. आई मुलीला ओळखत नाही आणि ठेवून घ्यायला तयार नाही, असा शेरा पडला. मुलीला सवय कोणाची आहे, असं विचारल्यावर समितीनं सारिकाचं नाव लिहिलं. सारिकानं त्यांना ती चार पानं दाखवायची असं ठरवून पर्समध्ये घातली होती. समितीच्या बाई मवाळ होत्या. "किती नशीबवान पोर," त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आत आहेत म्हणून." सारिकाचा हात पर्सपर्यंत गेला. मैना तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. हात परत आला.

दिवाळीनंतर नवं परिपत्रक निघालं. हिवरमाळच्या घटनेचा त्यात कुठंच उल्लेख नव्हता. प्रायोगिक निरीक्षणांवरून, दीर्घ विश्रांती घेतलेल्या बंद्यांकडून तक्रारींचं प्रमाण नगण्य आढळल्यानं, झोपेची मर्यादा नव्वद दिवसांपर्यंत वाढवण्यात येत होती. त्या हिशेबानं हिवरमाळच्या महिला विभागात पाच पदं पुरेशी होती.

अंकिता कुठं गेली नाही. कारागृहासमोर एसटीचा थांबा आहे आणि थांब्याला लागून एक हॉटेल. तिथं ती भांडी घासायला राहिली. फाटकातून कोणी बाई मूल घेऊन बाहेर आली की ती ओल्या हातांनी धावत जाऊन त्या मुलाचा चेहरा बघायची. पहिले काही आठवडे पहाऱ्यावरचे लोक तिला हाकलत. मग त्यांनाही सवय झाली.

सारिका रोज मैनेला घेऊन त्याच थांब्यावर शाळेच्या गाडीची वाट बघायची. दुसरा थांबा नव्हता. एका सकाळी ती एकटीच हॉटेलात गेली आणि अंकितासमोर उभी राहिली.

"अंकिता, तुला मीच उठवलं नाही. माझ्यामुळं झालं हे."

अंकितानं हातातली कढई खाली ठेवली. "मॅडम, सुटून आलेल्या बायका सांगत्यात, आत सगळ्यात चांगल्या तुमीच. माझ्या लेकराला बी तुमीच बघता म्हणं." ती जवळ आली आणि सारिकाचे हात तिनं आपल्या साबणानं बुळबुळीत झालेल्या हातांत घेतले. "तिला तेवढं उपाशी ठेवू नका. मला आत सोडत न्हाईत. तुमचाच आधार हाय."

सारिकानं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. अंकिता मान हलवत राहिली, जशी समजूत घालणाऱ्या माणसापुढं हलवतात तशी. त्यानंतर सारिकानं तो विषय काढला नाही.

मैना थांब्यावर आईकडं बघायचं टाळायची. सारिकाच्या पलीकडल्या बाजूला उभी राहायची, पाठमोरी. पण डिसेंबरातल्या एका सकाळी गाडीला उशीर झाला आणि अंकिता चहाचे पेले गोळा करत त्यांच्यापर्यंत आली.

"मॅडमकडं ऱ्हातीस का गं आता तू?" तिनं वाकून विचारलं.

मैना दप्तराचा पट्टा ओढत राहिली.

"तू आत राहत होतीस न्हवं? लेकरांच्या खोलीत?"

"हो."

"मग माझं लेकरू बघितलं आसशील. लहान हाय. इवलंसं. कानामागं तीळ हाय."

सारिका पुढं झाली, पण मैनेनं तिच्याकडं पाहिलंच नाही. ती आईच्या चेहऱ्याकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी इतक्या जवळून.

"बघितलंय," मैना म्हणाली.

अंकिताच्या हातातले पेले एकमेकांवर वाजले. ती खाली बसली, मुलीच्या उंचीला आली. "कशी हाय? जेवते का?"

"जेवते. भाकरी खाते. वांगं नाही खात."

"रडती का गं लई?"

मैनेनं थोडा विचार केला.

"रडायची," ती म्हणाली. "आता नाही रडत."

अंकितानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि मान हलवली. "शहाणी हाय माझी," ती म्हणाली. हॉटेलातून मालकानं हाक मारली, तशी ती पेले सावरत उठली आणि भराभर निघून गेली.